चित्राची जहागीर

निजामी राजवटीत हैदराबाद संस्थानातील एखादे गाव कोणाचे, या प्रश्नाचे उत्तर त्या गावाच्या नकाशात नव्हे, तर त्याच्या वसुलाच्या वाटेत सापडत असे. ज्याचा धारा सरकारी खजिन्यात पडे ते दिवाणीचे, ज्याचा धारा खुद्द निजामांच्या खाजगी खर्चास लागे ते सर्फेखासचे, आणि ज्याचा धारा एखाद्या घराण्याकडे पिढ्यानपिढ्या परस्पर जाई ते जहागिरीचे. आणि एकाच शिवेच्या अलीकडे व पलीकडे उभी असलेली दोन पिके सारख्याच पावसावर वाढली, तरी त्यांचे धनी, त्यांच्या कचेऱ्या आणि त्यांची दफ्तरे निराळी असत. १३५८ फसलीत, म्हणजे इसवी सन १९४९ मध्ये, जहागिरी खालसा झाल्या आणि हा सारा भेद कागदोपत्री संपला. तरीही परभणीसारख्या जिल्ह्यात जमिनीचा जुना वाद निघाला की सेतवार, फैसलपट्टी, मुन्तखब हे शब्द आजही वकिलांच्या तोंडी ऐकू येतात, आणि ज्याने ते लहानपणापासून ऐकले त्याला जगातील कोणतीही व्यवस्था समजून घेताना प्रथम हेच विचारावेसे वाटते, की येथील वसूल कोणाकडे जातो.

संगणकात चित्र काढण्याची सोय मूळ यंत्रातच असणे आणि ती स्वतंत्र कार्ड बसवून करणे, यांतला भेद मला उमगला तो याच प्रश्नाच्या आधारे. मूळ यंत्रातील चित्रयंत्राला स्वतःची स्मृती नसते. मुख्य स्मृतीच्या शेतातच त्याला वाटा मिळतो. वीस वर्षांपूर्वीच्या एखाद्या यंत्रात १२८ एमबी स्मृती असली तर तिच्यातून आठ, सोळा किंवा बत्तीस एमबी पडद्यासाठी काढून ठेवावी लागे, आणि उरलेल्या रानात बाकीच्या कामांनी आपापली पेर करावी, असा बटईचा व्यवहार होता. स्वतंत्र कार्ड हे मात्र खरे जहागीरदार: त्याची स्मृती त्याची, त्या स्मृतीकडे जाणारा रस्ता त्याचा, त्याचा पंखा त्याचा, आणि ते मोठे असले तर थोरल्या जहागीरदाराप्रमाणे त्याला विजेचा नजराणाही वेगळ्या तारेने पोचवावा लागतो.

अशा एका कार्डाच्या खरेदीत मध्यस्थ म्हणून माझा प्रवेश झाला, तो आमच्या शेजारच्या छापखानेवाल्यांमुळे. स्टेशन रस्त्याच्या आडगल्लीत त्यांचा लग्नपत्रिका, बिलबुके आणि अलीकडे फ्लेक्स यांचा धंदा आहे. एखाद्या सरकारी कचेरीच्या लिलावातून आलेले असावे असे, आडव्या अंगाचे, अरुंद पेटीचे एक यंत्र त्यांच्या टेबलावर होते, आणि आठ फुटांचा फलक रचावयास घेतला की ते इतके विचार करू लागे की गिऱ्हाईक चहा पिऊन परत येई. 'ग्राफिक्स कार्ड' या वस्तूला एखादे गोमटे संस्कृत नाव द्यावे, असे माझ्यासारख्या जुन्या वळणाच्या मनुष्यास वाटणे स्वाभाविक होते. मी 'चित्रपत्रिका' असा शब्द मनात योजूनही ठेवला होता. परंतु लग्नपत्रिका छापणाऱ्याच्या दुकानात जाऊन चित्रपत्रिका मागितल्यास आपल्यासमोर गणपतीच्या चित्रांचे नमुनेच पुढे सरकविले जातील हे ध्यानी येताच मी त्या शब्दाचा नाद सोडला. लोक 'कार्ड' म्हणतात. या लेखातही कार्डच म्हटलेले बरे.

लोकांचा समज असा आहे, की ही कार्डे खेळांसाठी निघाली. पोरे पडद्यावर बंदुका चालवितात, मोटारी पळवितात, त्यासाठी. आजच्या बाजाराकडे पाहता तो समज चुकीचा म्हणता येणार नाही. पण आमच्या मुलखाच्या बाजूने ही हकीकत सांगावयाची तर तिचा आरंभ खेळापासून होत नाही, अक्षरापासून होतो. जी लिपी यंत्राच्या मूळ घडणीत बसत नव्हती तिच्यासाठी यंत्राच्या पोटात निराळी पाटी बसवावी लागली, आणि पडद्यावर आलेले आमचे पहिले चित्र म्हणजे आमचे अक्षरच होते.

हे समजण्यासाठी थोडे मागे जाणे अवश्य आहे. पहिल्या सालारजंगांनी १८६५ च्या सुमारास संस्थानात जिल्हाबंदी केली, तालुकदार आणि तहसीलदार नेमले, आणि कारभाराला दफ्तराची शिस्त आणली. त्या दफ्तराची भाषा प्रथम फारसी होती. १८८० नंतरच्या दशकात तिची जागा उर्दूने घेतली. गावपातळीवर मात्र कुळकर्णी आपला हिशेब मोडीत लिहीत होता. अशा रीतीने परभणीच्या एकाच शेताची हकीकत पायऱ्यापायऱ्यांनी वर चढताना आपली लिपी बदलीत जाई: पाटीलवाड्यात मोडी, तहसिलीत उर्दू, आणि देवळातील पोथीत बाळबोध. संस्थानातील मराठी माणसाचे सारे बौद्धिक जीवन या त्रिलिपीच्या सांदीत गेले. बी. रघुनाथ हे या स्थितीचे सर्वांत थोर आणि सर्वांत करुण उदाहरण होय. १९१३ मध्ये त्या काळच्या परभणी जिल्ह्यातील सातोन्यात जन्मलेला हा कवी आणि कादंबरीकार बांधकाम खात्यात कारकुनी करून मराठी लिहीत राहिला, आणि ७ सप्टेंबर १९५३ रोजी कचेरीतच, कामाच्या मेजाशी, त्याचा अंत झाला. दिवसा एक लिपी आणि रात्री दुसरी, अशी त्या पिढीची दिनचर्या होती.

उर्दूची नस्तालिक लिपी छापण्याचा प्रश्न तर शिशाच्या खिळ्यांच्या आटोक्याबाहेरचाच होता. तिच्यात अक्षर एका सरळ रेषेवर उभे राहत नाही. शब्द उजवीकडून तिरका उतरत येतो, आणि शेजारी कोण आले यावरून प्रत्येक अक्षराचे रूप पालटते. म्हणून बहुतेक उर्दू वृत्तपत्रे खिळे जुळवून छापली गेली नाहीत. कातिब नावाचा कुशल लेखक विशिष्ट शाईने संपूर्ण मजकूर हाताने लिही, तो शिळेवर उतरविला जाई आणि शिळेवरून छापला जाई. म्हणजे वृत्तपत्राचे प्रत्येक पान हे वस्तुतः एक चित्र असे. ही स्थिती इतकी दीर्घकाळ टिकली की पाकिस्तानातील 'जंग' दैनिकाने १९८१ मध्ये नूरी नस्तालिक या यंत्रलिपीचा अवलंब केला तेव्हा कुठे कातिबाच्या बोरूला पहिला खरा प्रतिस्पर्धी मिळाला. आणि त्या यंत्रलिपीतही मिर्झा अहमद जमील यांना हजारो जोडाकृती एकेक करून हाताने लिहून द्याव्या लागल्या होत्या.

बाळबोध लिपीचे दुःख याहून कमी, पण त्याच जातीचे. गणपत कृष्णाजींनी १८३१ मध्ये मुंबईत पंचांग छापले ते शिळेवरच. पुढे खिळे आले, निर्णयसागर छापखान्याने त्यांना सौंदर्य दिले. तरी जोडाक्षरे, काना, मात्रा, रफार, उकार यांच्यामुळे देवनागरीच्या खिळ्यांचे घर रोमनच्या कित्येक पट मोठे राहिले, आणि जुळाऱ्याचे हात त्या घराच्या कोपऱ्याकोपऱ्यांत धावत राहिले. ही धावपळ कमी व्हावी म्हणून सावरकरांच्या लिपिशुद्धीतील 'अ'ची बाराखडी 'किर्लोस्कर' मासिकाने वापरून पाहिली, हे जुन्या वाचकांस आठवत असेल. लिपीने यंत्रासाठी वाकावे की यंत्राने लिपीसाठी, हा तो वाद होता. मला स्वतःला 'अि' आणि 'अु' वाचताना दाताखाली खडा आल्यासारखे होते, एवढेच येथे नमूद करून पुढे जातो.

१२ ऑगस्ट १९८१ रोजी आयबीएम कंपनीने आपला व्यक्तिगत संगणक विक्रीस काढला, तेव्हा त्याच्या मूळ फलकावर पडद्याची कोणतीच सोय नव्हती. पडदा पाहिजे असेल त्याने निराळे कार्ड घेऊन खाचेत बसवावे, अशी ती रचना होती. म्हणजे आज ज्यास आपण जादा वस्तू मानतो ती त्या काळी अपरिहार्य होती. कार्डे दोन प्रकारची मिळत. एकावर अक्षरे सुबक उमटत, पण अक्षरांवाचून दुसरे काहीच उमटत नसे: ऐंशी रकाने, पंचवीस ओळी, आणि चिपमध्ये कायमची कोरून ठेवलेली २५६ चिन्हे. या चिन्हांच्या पेटीत रोमन वर्णमाला होती, आकडे होते, चौकटी आखण्याच्या रेघा होत्या, पत्त्यांतले बदाम आणि इस्पिकसुद्धा होते. फक्त जगातील अर्ध्याअधिक लोकांच्या लिप्या नव्हत्या. दुसऱ्या कार्डावर रंगीत चित्र निघे, पण त्याचे ठिपके इतके जाड असत की अक्षर वाचताना डोळ्यांस शीण होई.

या पेचातून मार्ग काढणारा मनुष्य ना खेळाडू होता, ना चित्रकार. वॅन सुवान्नुकुल या थाई विद्यार्थ्याला आपला प्रबंध लिहिण्यासाठी थाई लिपी पडद्यावर पाहिजे होती, आणि ती कोणत्याही तयार कार्डावर येत नव्हती. त्याने १९८२ मध्ये स्वतःच एक कार्ड घडविले. त्यावर ७२० आडवे आणि ३४८ उभे ठिपके एकरंगात, हवे तसे, एकेक करून लावता येत. म्हणजे कोरलेल्या चिन्हांच्या पेटीचा ताबा सुटला आणि ज्याला जी लिपी काढावयाची ती त्याने काढावी अशी मोकळीक झाली. हर्क्युलिस या नावाने ते कार्ड पुढे जगभर खपले आणि हिशेबनीसांच्या तक्त्यांसाठी, आराखड्यांसाठी, सर्वच कामांसाठी वापरले गेले. थाई लिपीतही स्वरचिन्हे अक्षराच्या वर, खाली, मागे, पुढे बसतात. ती आपल्या ब्राह्मी कुळातलीच एक दूरची नातलग आहे. तेव्हा आपल्याच एका मावसबहिणीच्या हट्टापायी जगाला हे कार्ड मिळाले, असे म्हणण्यास हरकत नसावी.

आपल्या देशात याच प्रश्नाशी कानपूरच्या आयआयटीत आर. एम. के. सिन्हा आणि त्यांच्याबरोबर मोहन तांबे झटत होते. १९८३ मध्ये दिल्लीस तिसरे विश्व हिंदी संमेलन भरले तेव्हा त्यांच्या मंडळींनी घडविलेला देवनागरी संगणक तेथे दाखविण्यात आला. १९८८ मध्ये पुण्यास सी-डॅक ही संस्था स्थापन झाली. महासंगणक बांधणे हे तिचे मुख्य प्रयोजन, आणि विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली तिने १९९१ मध्ये 'परम' सिद्ध करून ते पारही पाडले. परंतु सामान्य कारकुनाच्या दृष्टीने त्या संस्थेचे अधिक मोलाचे अपत्य दुसरेच होते. तांबे आणि त्यांचे सहकारी कानपूरची विद्या घेऊन तेथे आले, आणि 'जिस्ट' नावाचे एक कार्ड तयार झाले, जे साध्या संगणकाच्या रिकाम्या खाचेत बसविले की तो संगणक भारतीय लिप्यांत लिहू लागे.

या कार्डाची युक्ती इतकी सुंदर आहे की तिच्यापाशी थोडे थांबल्यावाचून राहवत नाही. त्या काळी डीबेस, लोटस, वर्डस्टार ही इंग्रजीसाठी लिहिलेली कार्यसाधने सर्वत्र प्रचलित होती, आणि त्यांच्या पोटात शिरून फेरफार करणे कोणाच्याही अधिकारातले नव्हते. जिस्टने त्यांना हातही लावला नाही. ते पडद्याच्या वाटेवर नाकेदारासारखे बसले. कार्यसाधन आपल्या समजुतीने काही सांकेतिक अंक पडद्याकडे पाठवी. कार्ड ते वाटेतच अडवी, त्यांतील 'क', पायमोड आणि 'ष' असा क्रम ओळखून त्यांचा 'क्ष' जुळवी, ऱ्हस्व वेलांटी उच्चाराने मागून येत असली तरी ती अक्षराच्या आधी नेऊन ठेवी, रफार पुढच्या अक्षराच्या डोक्यावर चढवी, आणि मग ते सबंध चित्र पडद्यावर रंगवी. डीबेसला यातले काही कळत नसे. आपण इंग्रजीच लिहीत आहो अशा समाधानात ते असे. जुळाऱ्याचे हात ज्या घरांतून धावत होते ती सारी घरे आता या एका पाटीच्या चिपांत सामावली होती, आणि लिपीला वाकविण्याचा जुना आग्रह न धरता यंत्रालाच लिपीपुढे वाकविण्यात आले होते.

जिस्टमागील संकेतपद्धती, जिला इस्की म्हणत आणि भारतीय मानक संस्थेने जिला १९९१ मध्ये मान्यता दिली, तीही अशीच धोरणी होती. तिच्यात अंक दिला जाई तो आकृतीला नव्हे, वर्णाला. आणि 'क' हा वर्ण मराठीत, तेलुगूत, कन्नडात एकच असल्यामुळे त्याचा अंकही एकच. देवनागरीत लिहिलेली नावांची यादी एका आज्ञेसरशी तेलुगू लिपीत उभी राही. ज्या संस्थानात मराठवाडा, तेलंगण आणि कर्नाटक हे तीन भाषांचे मुलूख एका छत्राखाली नांदत होते, त्याच्या दफ्तरदाराला ही करामत केवढी उपयोगी पडली असती, असा विचार मनात आल्यावाचून राहत नाही. उर्दूला मात्र या पंक्तीत पान नव्हते. तिची घडणच निराळी, म्हणून तिच्यासाठी पास्की नावाची वेगळी संकेतपद्धती करावी लागली. म्हणजे कातिब याही वेळी ओसरीवरच राहिला.

जिस्ट कार्डाचे आयुष्य थोडे ठरले. विंडोज आले, पडदा मुळातच ठिपक्यांचा झाला, आणि अक्षर काढण्यास पाटीची गरज उरली नाही. फाँट नावाची फाईल पुरू लागली. पुण्याच्या मॉड्युलर कंपनीची श्रीलिपी आणि तिच्यासारखी इतर साधने तालुक्यातालुक्याच्या डीटीपी सेंटरांत पसरली. तेथे इस्कीचा शहाणपणा मागे पडून पुन्हा खिळ्यांच्या घराचीच पद्धत आली: प्रत्येक फाँटचा संकेत निराळा, एका दुकानात जुळविलेली पत्रिका दुसऱ्या दुकानात उघडली की वधूवरांच्या नावांच्या जागी तारे आणि प्रश्नचिन्हे. त्या गोंधळातून युनिकोडने सोडविले, ज्याच्या देवनागरीचा पाया इस्कीवरच रचलेला आहे. आणि विंडोजबरोबर येणारा 'मंगल' हा फाँट र. कृ. जोशी या मराठी सुलेखनकारानेच रेखला. २००२ च्या सुमारास एमएस-सीआयटीचे वर्ग गावोगाव निघाले तेव्हा त्यांत बसलेल्या मुलामुलींपैकी कोणालाही हे सांगण्याची आवश्यकता नव्हती, की या पडद्यावर 'ज्ञ' यावा म्हणून एके काळी पेटी उघडून स्क्रू फिरवावा लागे.

१९९९ हे वर्ष या हकीकतीत मोठे चमत्कारिक आहे. त्या वर्षी १ मे रोजी परभणी जिल्ह्याची वाटणी होऊन हिंगोलीचा निराळा जिल्हा झाला. त्याच वर्षी इंटेल कंपनीने ८१० नावाच्या आपल्या चिपसंचात चित्रयंत्राचे विलीनीकरण केले, स्वतंत्र कार्डावाचून चालणारे स्वस्त संगणक त्यामुळे निघाले, आणि कचेऱ्यांत व शाळांत तेच पोचले. आणि त्याच वर्षी एनव्हिडिया कंपनीने जीफोर्स २५६ हे कार्ड काढून चित्रगणनेचा एक भाग मुख्य प्रोसेसरकडून काढून आपल्या अधिकारात घेतला. एकीकडे खालसा करण्याचे धोरण, दुसरीकडे नव्या सनदा! पुढे २०११ मध्ये इंटेलने चित्रयंत्र मुख्य प्रोसेसरच्या एकाच तुकड्यात मिसळून टाकले. तरीही जहागिरी संपल्या नाहीत, उलट वाढल्याच.

त्यांचा उपयोग कोणास, हे मात्र नीट पाहिले पाहिजे. पत्र लिहिणे, धान्याचा हिशेब ठेवणे, सातबारा काढणे, चलच्चित्र पाहणे यांस मूळ यंत्रातील सोय पुरते, आणि जो दुकानदार अशा गिऱ्हाइकास कार्ड घ्यावयास लावतो तो त्याच्या खिशास कात्री लावतो. पुष्कळदा तर कार्डाऐवजी स्मृतीची दुसरी पट्टी बसविली तरी मूळ चित्रयंत्राचा वेग पुष्कळ सुधारतो. कारण बटईदाराला शेताकडे जाण्यास एक वाट होती तेथे दोन होतात. डीडीआर-३ जातीच्या १६०० वेगाच्या एका पट्टीतून सेकंदास १२.८ जीबी एवढा मजकूर वाहतो, दोन पट्ट्यांतून २५.६. आता २०१४ मध्ये निघालेल्या जीटीएक्स ७५० टीआय या मध्यम प्रतीच्या कार्डावर हाच आकडा ८६.४ आहे, आणि त्यात वाटेकरी कोणी नाही. सजीव वाटणारे खेळ, लग्नाच्या चित्रफितींचे मिक्सिंग, घरांचे त्रिमित आराखडे यांस जहागीर लागते ती याच कारणाने. आमच्या कृषी विद्यापीठात, ज्याची स्थापना १८ मे १९७२ ची आणि ज्याने 'परभणी क्रांती' भेंडी देशभर नेली, अलीकडे ड्रोन आणि यंत्रमानव यांच्या साह्याने शेती करण्याचे प्रयोग चालले आहेत; पानावरील डागाचे छायाचित्र पाहून रोग ओळखावयाचा असेल तर ते शिक्षण यंत्रास देण्याचे कामही जगभर आता याच कार्डांकडे आले आहे.

कार्ड बसते की नाही हे ठरविते ती खाच. तिचा इतिहास आमच्या मुलखातील मनुष्यास रेल्वेच्या दाखल्याने चटकन समजतो. निजामाच्या रेल्वेने विसाव्या शतकाच्या तोंडाशी मनमाडपासून सिकंदराबादपर्यंत गोदावरीच्या खोऱ्यातून जो मार्ग टाकला तो मीटरगेज होता. परभणीचा मनुष्य मुंबईस निघाला की मनमाडास त्याने बोचकी उचलून फलाट बदलावा, कारण त्याचा डबा पुढच्या रुळांवर चालणाराच नव्हता. पूर्णा जंक्शनाचे वैभव त्याच अरुंद रुळांवर उभे होते. पुढे रुंदीकरण झाले, देवगिरी एक्सप्रेस मुंबईहून परभणीवरून थेट सिकंदराबादेस जाऊ लागली, आणि जुने डबे जेथल्या तेथे राहिले. संगणकातही आयएसए, पीसीआय, एजीपी आणि पीसीआय एक्सप्रेस अशी चार गेजे एकामागून एक आली. एजीपीचे उत्तम कार्ड आज फुकट मिळाले तरी निरुपयोगी. जिस्ट कार्डाची तर खाचच आता कोणत्या यंत्रात उरली नाही.

आमच्या छापखानेवाल्यांच्या यंत्रात पीसीआय एक्सप्रेसची खाच होती, पण पेटी अरुंद, म्हणून बुटक्या अंगाचे कार्ड हवे. आणि वीज पुरविणारा डबा दुबळा, म्हणून वेगळी तार न मागणारे हवे. त्या खाचेतूनच ७५ वॅटपर्यंत वीज मिळू शकते, आणि ३० वॅटवर चालणारे जीटी १०३० हे कार्ड त्यात सहज बसते. मात्र या नावाखाली एक फसगत दडलेली आहे. २०१७ मध्ये निघालेल्या या कार्डाच्या स्मृतीचा वेग सेकंदास ४८ जीबी होता. दुसऱ्या वर्षी त्याच नावाने, पण हलक्या स्मृतीचे, सतरा जीबीही न गाठणारे एक कार्ड बाजारात आले. खोक्यावर नाव तेच. बियाण्याच्या पोत्याचा शिक्का पाहून पोते घेऊ नये, मूठभर दाणे हातावर घेऊन पाहावेत, हे शेतकऱ्यास सांगावे लागत नाही. तेच येथेही करावे लागते, आणि खोक्याच्या मागच्या बाजूचे बारीक अक्षर वाचावे लागते. २०२२ च्या सप्टेंबरात इथेरियम या आभासी नाण्याची टांकसाळ कार्डांवर चालेनाशी झाली तेव्हा रात्रंदिवस राबलेली जुनी कार्डेही बाजारात लोटली; ती मोठी, तापट, आणि आमच्या या पेटीत न मावणारी, म्हणून त्या मोहातून आम्ही आपोआप वाचलो.

खरेदीस आम्ही सिकंदराबादेस गेलो, पुण्यास नव्हे. अंतराचा हिशेब केला तर यात विशेष काही नाही. पण १९४८ मध्ये संस्थान विलीन झाले, १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आला, १९६० मध्ये महाराष्ट्रात आला, तरी मोठी खरेदी करावयाची म्हटली की या भागातील मनुष्याच्या पायांना पूर्वेकडचीच सवय आहे. तेथे चिनॉय ट्रेड सेंटर नावाच्या इमारतीत मजल्यावर मजले संगणकाच्या सुट्या भागांची दुकाने आहेत, आणि तेथील दखनी हिंदीत घासाघीस करताना आमच्या छापखानेवाल्यांना जो आनंद होतो तो पुण्याच्या ठरलेल्या भावात त्यांना कधी मिळाला नसता.

कार्ड बसविण्यास त्यांच्याकडे काम करणारा एक तरुण पुढे झाला. परभणीच्या उन्हाळ्यात पारा पंचेचाळीसच्या आसपास जातो, आणि सरकी काढण्याच्या हंगामात हवेत रुईचा जो बारीक धूर तरंगतो तो बंद पेटीतही शिरतो. पेटी उघडली तेव्हा आतील पंख्यावर करड्या रुईची एक गादीच बसलेली होती. ती ब्रशने झाडली. दमट दिवस नसल्याने अंगावरची वीज घालविण्यासाठी त्याने प्रथम पेटीच्या उघड्या लोखंडास हात लावला, पाठीमागची पत्र्याची पट्टी काढली, कार्डाची उंच पट्टी सोडवून बुटकी लावली, खाचेत कार्ड दोन्ही अंगठ्यांनी सारखे दाबले, एक खट् असा आवाज झाला, आणि त्याने स्क्रू घट्ट केला. मग कळ दाबण्याच्या आधी छापखानेवाल्यांनी डोळे मिटून, निजामी काळापासून या गावाच्या नावास चिकटलेली ती म्हण उच्चारली: "बनी तो बनी, नहीं तो परभणी."

पंखा फिरू लागला, दिवा लागला, पडदा मात्र काळाच.

"काहीच दिसंना गेलंय," तो तरुण म्हणाला, आणि तिघांच्याही मनात एकाच वेळी सिकंदराबादेचा परतीचा प्रवास उभा राहिला. पाच मिनिटे गेली. कार्ड काढून पुन्हा बसविले. मग मी सहज पेटीच्या मागे वाकून पाहिले, तर पडद्याची तार जुन्याच भोकात होती, मूळ यंत्राच्या. नवी जहागीर वसली होती, पण वसूल अजून जुन्याच कचेरीत जात होता. तार काढून कार्डाच्या भोकात घातली आणि पडदा उजळला.

ड्रायव्हर घालण्यात आणखी अर्धा तास गेला. मग छापखानेवाल्यांनी मागच्या वैशाखातली एक पत्रिका उघडली आणि तिच्या डोक्यावरचा 'श्री' मोठा करीत नेला, इतका की 'श'ची गाठ आणि खालच्या 'र'ची तिरकी रेघ यांनी सगळा पडदा व्यापला. यंत्र थांबले नाही, अडखळले नाही. ते बराच वेळ त्या रेघेच्या कडेकडे पाहत होते. जुन्या जुळाऱ्यांपैकी ते शेवटचे, खिळ्यांच्या घरात हात काळे केलेले. नंतर त्यांनी त्या तरुणास जवळ बोलावले आणि म्हटले, "दुसरी एक तार असंल तर ती जुन्या भोकात लावून ठेव. कार्ड चाललं तर चाललं. लग्नसराईत काम थांबाया नको."